चार बिया आणि गोणपाट

मी फरशी बसवतो. चाळीस वर्षं झाली. लोकांच्या घरात त्यांच्याआधी मी रांगून घेतो, मग ते राहायला येतात. गुडघ्यांचं आता असं झालंय की मी जिना चढायला लागलो की खालच्या मजल्यावरची शिलाईवाली मशीन थांबवून ओरडते, "कोण अक्रोड फोडतंय रे?"

त्या संध्याकाळी पण ओरडली. माझ्यात उत्तर द्यायचं त्राण नव्हतं. दिवसभर एका नव्या इमारतीत न्हाणीघरांच्या फरश्या बसवत होतो. न्हाणीघर म्हणजे सगळ्यात वाईट काम. जागा हातभर, आणि उतार चुकला तर पाणी जन्मभर घरमालकाच्या पायात आणि शिव्या जन्मभर माझ्या नावाने. म्हटलं, घरी जाऊन पाय लांब करू, चहा पिऊ, कुणाशी बोलायचं नाही.

दार उघडलं तर माझी लेक चपला न काढता खुर्चीत बसलेली. ती दवाखान्याच्या लाँड्रीत असते. दिवसाला शेकड्याने चादरी. तिच्या हातांची साल कायम सुटलेली. तिच्या मांडीवर एक वही होती, आणि समोर भिंतीला टेकून पाचर उभी.

पाचर म्हणजे माझी नात. नाव तिला वेगळं आहे, पण मी पाचरच म्हणतो. फरशी खाली बसायला लागली की आम्ही कडेला लाकडाची बारीक पाचर ठोकतो. ही तशीच आहे. कुठेही दोन माणसांच्या मधे घुसते आणि घट्ट बसते. आठ वर्षांची आहे. बाप लांबच्या ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस घरी, त्यातला एक झोपण्यात. त्या वर्षी हिला छातीचं दुखणं झालं आणि तीन महिने शाळा बुडाली.

"बाबा," लेक म्हणाली, "बाई म्हणतात हिला परत तिसरीत बसवावं लागेल."

"का?"

"वाचता येत नाही नीट. अक्षर ओळखते, पण ओळ पुरी होईपर्यंत सुरुवात विसरते. मी हातापाया पडले तेव्हा ही वही दिली. वीस दिवस सुट्टी आहे. घरी एवढं सगळं करून घ्यायचं. शाळा उघडली की बाई हिला समोर बसवून वही बघणार, चार प्रश्न विचारणार. जमलं तर चौथीत. नाहीतर नाही."

वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'घरी करून पाहू'. मी चाळली. भाषा, गणित, विज्ञान, भूगोल, इतिहास, चित्रकला. चोवीस उपक्रम. घरातले दहा आवाज ऐका आणि लिहा. खोलीचं माप काढा. बी रुजवा. गल्लीचा नकाशा काढा. घरातल्या मोठ्या माणसाची मुलाखत घ्या. बटाटा कापून ठसे उमटवा.

"हे कोण करून घेणार?" मी विचारलं.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"मी?" मी म्हटलं. "मला काय येतं? मी स्वतः तिसरीतून पळालोय. आपल्या घराण्याचं तिसरीशी काय वाकडं आहे कोण जाणे!"

"माझी पाळी संध्याकाळची लागलीये," लेक म्हणाली. "मी नऊला येते. तुम्ही सहाला येता." आणि तिने डोळे मिटले. झोपली नव्हती. पण मिटले.

पाचर भिंतीपाशीच उभी. हळूच म्हणाली, "आबा, मी परत तिसरीत बसले तर बाक लहान पडेल. माझे गुडघे लागतील."

मी वही काखोटीला मारली आणि चहा ठेवायला गेलो. त्या पोरीला काय माहीत, तिने नेमका कुठे हात घातला ते.

पहिले दोन दिवस मी तिच्यावर नुसता खेकसलो. सहाला यायचं, हातपाय धुवायचे, आणि मांडी घालता येत नाही म्हणून पलंगाच्या कडेला बसून वही उघडायची. डोळ्यात सिमेंटची धूळ, तिच्या डोळ्यात झोप. 'घरातले दहा आवाज' या पानावर आम्ही पाऊण तास गप्प बसलो. मग तिने लिहिलं: नळ. मशीन. आबाचे गुडघे. आबाची जांभई. परत आबाची जांभई.

"एकच आवाज दोनदा नाही चालत," मी म्हटलं.

"पण दोनदा आला."

मी तसंच राहू दिलं.

वाचन तर नकोसं होतं. पुस्तक पुढे केलं की पोरीचा चेहरा ओल्या सिमेंटसारखा. मला पण ते पुस्तक बघून काही होत नव्हतं, खोटं कशाला बोलू. कुठला तरी ससा, कुठली तरी परी. शेवटी वैतागून मी कामावरून पांढऱ्या सिमेंटची रिकामी पिशवी घरी आणली आणि तिच्यापुढे टाकली. "हे वाच. हे मला रोज वाचावं लागतं."

तिने बोट ठेवलं. "को-र-ड्या जा-गी ठे-वा." मग मान वर केली. "का?"

"ओल लागली की पिशवीतच दगड होतो त्याचा."

"मु-लां-पा-सून दू-र ठे-वा." हसायला लागली. "आबा, ही पिशवी माझ्यापासून दूर ठेव!"

त्या दिवसापासून मी रोज काहीतरी आणायचो. डिंकाचा डबा, कटरच्या पात्याचं पाकीट, रंगाच्या बादलीचं झाकण. शिलाईवालीने पण बटणांची कागदं दिली. ती सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे आमच्या जिन्यात तीच विद्यापीठ. माझी वाट अडवून विचारायची, "काय मास्तर, आज कुठला विषय?"

"तुमचं तोंड कसं बंद करायचं, तो."

"तो चौथीत असतो. तुम्ही तिसरी काढा आधी."

खोलीचं माप मात्र माझ्या हातचा मळ. वहीत लिहिलं होतं, जमिनीवर लांबीत किती फरश्या, रुंदीत किती, एकूण किती लागतील. पाचर रांगत गेली, मोजत आली. लांबीत अकरा, रुंदीत नऊ. बोटांवर मोजून, ओठ चावून, नव्व्याण्णव काढले.

"झालं," म्हणाली.

"कसलं झालं? तुटफूट धरली का?"

"कसली तुटफूट?"

"अगं बाई, नव्व्याण्णव मागवल्या आणि एक तुटली, तर कुणाच्या तोंडाकडे बघणार? शंभरामागे दहा जास्त धरायच्या. कुणी उतरवताना आपटतो, एखादी कापताना जाते, एखादी आधीच चिरलेली असते. फरशी तुटायला निमित्त लागत नाही."

तिने एकशे नऊ लिहिले. मी मान डोलावली. मला वाटलं, चला, गणितात तरी पोरगी कुठे अडकणार नाही.

गल्लीच्या नकाशात तिने दुकान, झाड, शाळा, सगळं काढलं, आणि मी सांगितलं म्हणून प्रत्येक ठिकाणी बाण काढला, पाणी कुठल्या बाजूला वाहतं त्याचा. वहीत असं काही मागितलं नव्हतं. पण ज्या नकाशात उतार नाही तो नकाशा काय कामाचा?

मग आली मुलाखत. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा. पाचर समोर पेन्सिल घेऊन बसली, एकदम सरकारी चेहरा करून.

"तुमच्या लहानपणी शाळा कशी होती?"

"कौलारू. गळायची."

"तुमचा आवडता विषय कोणता?"

"सुट्टी."

"आबा, नीट सांग ना."

"गणित लिही."

"तुम्ही शाळा कधी आणि का सोडली?"

मी म्हटलं, "तिसरीत. लिही."

"का?"

मी दिवसभर ओणवं राहून आलो होतो. कंबर मोडली होती. म्हटलं, "का म्हणजे? सोडली. पुढचा प्रश्न घे."

"पुढचा नाहीये. हाच शेवटचा आहे."

"मग ठेव रिकामा."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि ठेवला.

आता खरी गोष्ट सांगतो, बियांची. विज्ञानातला मोठा उपक्रम तो. बशीत ओला कापूस, त्यावर घेवड्याच्या चार बिया, रोज पाणी, आणि सात दिवस रोज काय दिसतं ते आपल्या शब्दांत लिहायचं. बाईंनी त्या पानाला लाल पेनाने गोल केला होता, आणि बाजूला लिहिलं होतं, 'हे नक्की बघेन'.

मी ते डोळ्यात तेल घालून करायचं ठरवलं. 'रोज पाणी' एवढं वाचलं, आणि मला पुढचं वाचायची गरज वाटली नाही. पाणी कसं मारायचं ते मला कुणी शिकवावं? नवीन सिमेंटचं काम असलं की सात दिवस पाणी मारायचं, सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि वरून ओलं गोणपाट झाकायचं, म्हणजे ओल उडत नाही. ज्याने पाणी मारायला कंटाळा केला त्याच्या कामाला महिन्यात भेगा. माझ्या एकाही कामाला नाहीत. विचारा कुणालाही.

मी सकाळी निघताना बशी भरायचो. दुपारचं शिलाईवालीला सांगून ठेवलं. संध्याकाळी आल्यावर परत मी. माझ्या लेकीला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती रात्री कामावरून आली की दमलेल्या हाताने तांब्याभर पाणी तिथे पण ओतायची. म्हणायची, "बिचाऱ्या दिवसभर तशाच असतील." चौथ्या दिवशी मी गोणपाटाचा तुकडा कापून, भिजवून, वरून पांघरला.

पाचर रोज गोणपाट उचलून बघायची आणि बशीजवळ पोटावर पडून लिहायची. मी त्या पानावर तिला काही सांगितलं नाही. एक तर तोवर माझा डोळा लागलेला असायचा.

पाचव्या दिवशी घरात वास आला. मला वाटलं मोरी तुंबली. सहाव्या दिवशी मी मोरीच्या जाळीत हात घालून बसलो होतो, तेव्हा शिलाईवाली वर आली, नाकाला पदर लावून. तिने सरळ खिडकीतली बशी उचलली.

"अहो मास्तर, हे बी रुजत घातलंय का आमटी?"

चारही बिया पांढऱ्या पाण्यात सुटून पडल्या होत्या. एखादी दाबली की पिठासारखी विरघळत होती.

"पाणी तर वेळेवर मारलं," मी म्हटलं.

"मारलंत खरं. मेल्या त्या." मग तिने वही घेतली आणि मला पान वाचून दाखवलं. 'रोज थोडेसे पाणी शिंपडा. कापूस फक्त ओलसर राहील असे पाहा.'

'थोडेसे' आणि 'शिंपडा' हे मी वाचलंच नव्हतं.

शाळा परवा उघडणार होती. दोन दिवसांत सात दिवस कुठून आणू? लाल गोल केलेलं पान, 'नक्की बघेन' लिहिलेलं, आणि बशीत चिखल. पोरीने वीस दिवस डोळे चोळत चोळत एवढं सगळं केलं, आणि मी तिला बुडवली. अक्षरशः.

दुसऱ्या संध्याकाळी मी जे केलं ते केलं. विज्ञानाची ती दोन पानं टर्रकन फाडली आणि चुरगाळून डब्यात टाकली. जाड पेन्सिल काढली, फरशीवर खूण करायची. शिलाईवालीला विचारून विचारून कोऱ्या पानावर झाड काढलं. बी फुटलेलं, मूळ खाली, खोड वर, दोन्हीकडे दोन दोन पानं. गुण्या लावून काढलं, त्यामुळे खोड एकदम काटकोनात उभं. मग पाचरला बसवलं आणि सांगत गेलो, "लिही. पहिला दिवस, बी फुगले. दुसरा दिवस, साल फाटली. तिसरा दिवस, मूळ आले."

तिने पेन्सिल धरली, पण लिहीना. "आबा, असं नाही झालं."

"व्हायला पाहिजे होतं ना? लिही."

"पण मी बघितलंय. मी लिहिलं होतं."

"लिही म्हणतो ना!" मी ओरडलो. वीस दिवसांत पहिल्यांदा असा. खाली मशीन थांबली.

तिने लिहिलं. एकेक अक्षर कोरून. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

शाळा उघडली त्या दिवशी मी काम बुडवलं. लेकीला रजा मिळेना. वर्गात बाई एकट्याच बसल्या होत्या. टेबलावर वह्यांचा गठ्ठा, बाजूला गार झालेला चहा, डोळ्यांखाली माझ्यासारखीच वर्तुळं. तरुण होत्या, पण दमणं काही वय बघून येत नाही. मला बसायला मुलांचा बाक दिला. मी एक पाय बाहेर काढून, तिरका होऊन कसाबसा बसलो. गुडघा लागलाच.

बाईंनी वही उघडली. आवाजांचं पान बघून ओठ दाबले. मग गणित. लाल पेन थांबलं.

"अकरा नवे?"

"नव्व्याण्णव," पाचर म्हणाली.

"मग हे एकशे नऊ कसे?"

"दहा तुटफुटीच्या."

"कोण तोडणार?"

"कुणीही. फरशी तुटायला निमित्त लागत नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर. "हे बघ बाळ," त्या म्हणाल्या, "पुस्तकात कुणी फरश्या तोडत नाही. परीक्षेत नव्व्याण्णवच लिहायचे." आणि लाल रेघ मारली. पाचरचा कान लाल झाला. माझा पण.

नकाशावर त्यांनी विचारलं, बाण कसले? पाचरने सांगितलं. त्यांनी काही लिहिलं नाही, नुसतं पान उलटलं. मग आलं ते पान. काटकोनातलं झाड.

बाई बराच वेळ बघत होत्या. "सुंदर काढलंय. पहिलं पान कितव्या दिवशी फुटलं?"

पाचर गप्प.

"पान फुटलं तेव्हा कुठल्या रंगाचं होतं?"

पाचरने मान फिरवून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. ती मला विचारत होती, आता कुठला रंग सांगू?

मी चाळीस वर्षांत एक केलंय. एखादी फरशी पोकळ बसली, वाजवल्यावर ढब् आवाज आला, की कुणी बघितलं असो नसो, उपटून परत बसवलीये. घरमालकाला कळत नाही. पण ढब् वाजतं ते वाजतंच.

मी बाकातून उठायला गेलो, गुडघा अडकला, अख्खा बाक ओढत अर्धा उठलो. म्हटलं, "बाई, ते झाड खोटं आहे. मी काढलंय. सांगितलं पण मीच. पोरीचा दोष नाही. बिया मी मारल्या. पाणी जास्त झालं. सिमेंटला मारतात तसं मारलं. तुम्हाला काय करायचं ते माझं करा."

"तुमचं काय करू मी आजोबा?" बाई म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता, दमल्याचा होता, आणि ते जास्त लागलं. "बसा आधी. पडाल. पण मग विज्ञानाचं पान रिकामंच धरावं लागेल मला. तेच तर बघायचं होतं. बाकी सगळ्यात कुणीतरी मोठं माणूस मागे उभं असल्यासारखं दिसतंय."

झालं, म्हटलं. बसली परत तिसरीत.

तेव्हा पाचरने दप्तरात हात घातला. कंपासपेटी उघडली, आणि पट्टीच्या खालून घडी घालून घालून लहान केलेली दोन पानं काढली. चुरगाळलेली, हाताने सपाट केलेली. एका कोपऱ्याला चहापत्तीचा डाग. डब्यातून उचलली होती.

"हे मी लिहिलंय," म्हणाली. "पण ह्यात झाड नाहीये."

"तूच वाच," बाई म्हणाल्या.

तिने पान टेबलावर ठेवलं, बोट ठेवलं, आणि वाचायला लागली. हळू. मधे अडकत. पण ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरली नाही, कारण सुरुवात तिचीच होती.

"पहिला दिवस. चार बिया आहेत. एकीवर डाग आहे. ती माझी.

दुसरा दिवस. बिया जाड झाल्या. आबाने पाणी घातले. खालच्या मावशीने घातले. आईने पण घातले.

तिसरा दिवस. साल सुटली. आईच्या हातांची सुटते तशी.

चौथा दिवस. आबाने गोणपाट पांघरले. आता त्यांना बाहेरचे दिसत नाही.

पाचवा दिवस. वास आला. आबाला वाटते मोरी आहे. मी सांगितले नाही, तो दमला होता.

सहावा दिवस. बिया मेल्या. सगळ्यांनी खूप काळजी घेतली म्हणून."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. बाईंनी ती पानं आपल्याकडे घेतली, परत एकदा स्वतः वाचली. मग विचारलं, "हे लिहायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आबा झोपला होता."

"मग नशीब आबा झोपले," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. लाल पेन उचललं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांनी पानाच्या खाली एक बरोबरची खूण केली होती, लहानशीच, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहीत होत्या. मी उलटीकडून वाचलं. सावकाश वाचतो मी. 'इयत्ता चौथी'.

"पण वाचन कच्चं आहे," त्या म्हणाल्या. "वर्षभर घरी घ्यावं लागेल. रोज." आणि कपाटातून दुसरी वही काढून माझ्यापुढे ठेवली. पहिलीच्या दुप्पट जाड. "तुम्हीच करून घ्या. फक्त तिने लिहिलेलं फाडू नका."

मी ती वही हातात तोलली. खरं सांगतो, आनंदाच्या आधी मला झोप आली.

"आणि हे," बाईंनी काटकोनातलं झाड वहीतून काढून मला दिलं. "चित्र चांगलंय. घरी लावा." मग पान उलटता उलटता थांबल्या. "मुलाखत अर्धी आहे. शेवटचं उत्तर कुठंय?"

"आबाने सांगितलं नाही," पाचर म्हणाली.

"सोमवारी पूर्ण करून आण."

फाटकाबाहेर एक कट्टा होता. मी म्हटलं, जरा टेकू. पाचर शेजारी बसली, मग नेहमीसारखी माझ्या आणि दप्तराच्या मधे घुसली. वही उघडली. पेन्सिल काढली.

"आत्ताच?"

"तू घरी गेलास की झोपशील."

मी नव्या वहीवर हात ठेवून बसलो. दुपारचं ऊन गुडघ्यांवर येत होतं, बरं वाटत होतं. म्हटलं, "मला परत तिसरीत बसवलं होतं. माझा धाकटा भाऊ त्याच वर्गात आला. मला त्याच्या बाकावर बसवलं. गुडघे लागायचे. पोरं हसायची, आणि तो पण हसला. मी एक दिवस बसलो. दुसऱ्या दिवशी फरशीवाल्या काकाच्या मागे कामाला गेलो. तो म्हणाला, इथे गुडघे टेकायलाच लागतात."

पाचरने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला घरी करायची वही नाही दिली?"

"दिली असती तरी करून कोण घेणार होतं?"

तिने जरा विचार केला, आणि लिहायला लागली. एक शब्द, मग थांबायचं, ओठ हलवायचे, मग दुसरा. रस्त्यावरून माणसं जात होती. माझा डोळा लागत होता, पण मी मुद्दाम उघडा ठेवला, आणि तिच्या वहीत मात्र बघितलं नाही.